डब्यावरचं कोपर

माझ्या सासऱ्यांचा जगात एकाच गोष्टीवर पक्का विश्वास होता. मधल्या माणसावर.

लातूरच्या मोंढ्यात त्यांनी चाळीस वर्षं आडत केली. शेतकऱ्याने पोती आणायची, ह्यांनी त्यातला मूठभर मासला तळहातावर पसरायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि हा माल कोणत्या दालमिलला लागेल ते सांगायचं. शेतकरी थेट मिलमध्ये जात नाही, मिलवाला थेट शेतात येत नाही, म्हणूनच जग सुरळीत चाललंय, असं त्यांचं मत होतं. गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, मी मामा म्हणायचो.

घरातही तीच रीत. मामी समोर उभ्या असल्या तरी ते मला सांगायचे, "जावईबापू, ह्यांना म्हणावं, चहा गार झालाय."

मी मामींकडे वळायचो. मामी मला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, गरम होता तवा पेपर वाचत बसले."

नांदेडहून साडेतीन तास एसटीत अंग आंबवून मी ह्याच कामासाठी येतो की काय, असं मला पुष्कळदा वाटायचं.

मला पसंत केलं तेही मासला बघूनच. आमच्या घरी ते मध्यस्थाला घेऊन आले, पोहे खाल्ले, आणि खिशातून पुडी काढून माझ्या तळहातावर तूर ओतली. "ह्यातली चांगली कोणती, सांगा." मी तेव्हा शाळेत नुकताच लागलेला गणिताचा मास्तर. माझी आणि तुरीची गाठ फक्त वरणात पडायची. बराच वेळ दाणे इकडून तिकडे करून मी म्हणालो, "मला नाही कळत." त्यावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मध्यस्थाला म्हणाले, "मुलाला काही येत न्हाई. पण येतंय असं म्हणत बी न्हाई. चालंल."

ह्या एवढ्या शिफारशीवर माझा संसार उभा आहे.

त्यांची दुसरी सवय म्हणजे खरं काय ते आधी सांगायचं नाही. मोंढ्यात जुन्या काळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, शेजारी उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून. तो रुमाल मामांनी पुढे सगळ्या आयुष्यावरच टाकला. डॉक्टरसुद्धा त्यातून सुटले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथले म्हातारे डॉक्टर आणि मामा तीस वर्षांचे सोबती.

"कधीपासून दुखतंय, अप्पा?"

"झाले असतील दोन दिस." महिना झालेला असायचा.

"नेमकं कुठं?"

"बघा की तुम्हीच."

बाहेर आल्यावर मला समजावून सांगायचे, "आपणच सगळं सांगून टाकलं तर डॉक्टरची परीक्षा कशी व्हायची?" डॉक्टर दर वेळी परीक्षेला बसायचे, आणि बिचारे बहुतेक वेळा नापास व्हायचे.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन लातूरला गेलो. ती पाचवी पास झाली होती आणि श्रावणात तिची लिंगदीक्षा करायचं, म्हणजे लिंगायत रीतीने गळ्यात इष्टलिंग बांधायचं, ठरलं होतं. दीक्षा स्वामी देतात. पण सासरच्या घरात त्यापुढची एक जुनी रीत होती. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची पहिली पूजा मुलाने किंवा मुलीने घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाशेजारी बसून करायची. गळ्यातल्या वस्त्रातून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, भस्म लावायचं, बेलपान वाहायचं, आणि मग तो तळहात डोळ्यांच्या रेषेत धरून एकटक बघत बसायचं. तोंडाने काही शिकवायचं नाही. शेजारच्याचं बघून धरायचं. माझ्या बायकोने तिच्या आजीचं बघून धरलं होतं. आता आमच्या मुलीने मामांचं बघायचं होतं.

मुलीचा बाप घरात असताना माझं का बघायचं नाही, असं कुणी विचारलं नाही. तसा माझा डावा हात ठणठणीत आहे. डोळ्यांच्या रेषेत तासन्‌तास राहायची त्याला सवयही आहे. फक्त त्यात मोबाईल असतो.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"जावईबापू, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. तीन महिने झाले, दार लावून पूजा करायलेत. आधी सारी गल्ली बघायची."

"तुम्ही विचारलं नाही का?"

"मी कशी विचारू? तुम्ही नव्हता ना मधी."

मग मी नजर ठेवली. मामा सदरा घालताना डावी बाही आधी चढवत होते आणि ती चढेपर्यंत श्वास रोखून धरत होते. उजव्याच कुशीवर झोपत होते. मुलीने फळीवरचा लाडवांचा डबा मागितला तर म्हणाले, "तुझ्या बापाला सांग. उंच हाय ते." मी त्यांच्यापेक्षा चांगला चार बोटं बुटका आहे.

"मामा, खांदा दुखायलाय का?"

"कुणाचा?"

तेव्हा मी त्यांच्याच वाटेने गेलो. मामींना सांगितलं, मामींनी मुलीला सांगितलं, आणि मुलीने त्यांना सांगितलं, "अज्जा, बाबांची कंबर दाखवायचीय. एकट्याला भीती वाटते त्यांना. तुम्ही चला सोबत." हे त्यांना एकदम पटलं. माझ्या भित्रेपणाबद्दल त्यांच्या मनात कधीच शंका नव्हती.

कंबरेचं निमित्त खोटं नव्हतं. मी नांदेडला दोन डॉक्टर केले होते, पट्टा घेतला होता, एमआरआय काढला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं, ते मात्र मी ऐकून घेतलं आणि घरी आलो. म्हटलं, हात-पाय हलवायलाच सांगणार असेल तर ते मी शाळेत पी.टी.च्या तासाला चुकवलेलं आहेच.

दवाखान्यात गेलो तर नवीनच पाटी. 'कंबर, मान, खांदा, गुडघा दुखत असल्यास आधी खोली नंबर एक.' दोन नंबरला डॉक्टर, आणि एक नंबरला नवी आलेली फिजिओथेरपिस्ट. म्हाताऱ्या डॉक्टरांनी ही रीत दोन महिन्यांपूर्वी सुरू केली होती, आणि बाकावर बसलेल्यांना ती अजिबात मानवली नव्हती.

"सुई देत न्हाई म्हणे ती," एक बाई सांगत होती. "गोळी बी न्हाई. नुसतं हात वर कर, पाय वर कर."

"मग दवाखान्यात कशाला यायचं? घरी काय पाय खाली ठिवतो का आपण?" दुसरा म्हणाला. "आधी फोटो काढावा, डॉक्टरनं बघावं, मग वाटल्यास मालीशवालीकडं पाठवावं. एकदम मालीशवालीच?"

ह्यावर लोकांनी तोडगाही काढला होता. खांदा दुखतो म्हटलं की एक नंबरला पाठवतात, म्हणून अर्धी गल्ली ताप आलाय असं सांगू लागली होती. भर उन्हाळ्यात लातुरात तापाची साथ आली, ती ह्या पाटीमुळे.

मामांनी पाटी वाचली आणि मान हलवली. "हे चुकीचं हाय. मधला माणूसच काढून टाकला ह्यांनी. शेतकऱ्याला म्हणायचं, जा थेट मिलमधी. असं असतं का कुठं?"

माझं नाव पुकारलं गेलं आणि आम्ही एक नंबरच्या खोलीत गेलो. एक टेबल, एक उंच बाकडं, भिंतीच्या कडीतून सोडलेली दोरी. टेबलाशी तिशीतली एक बाई रजिस्टर उघडून बसलेली. साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात नळी नाही, पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर. मामांनी एका नजरेत मासला बघितला आणि ठरवून टाकलं की ही नाव-गाव लिहून घेणारी, डॉक्टर अजून यायचेत. हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं. मी दुरुस्त करणार होतो, पण बाईंनी मला लगेच कामाला लावलं.

"फोटो नंतर बघते, सर. आधी खाली वाका. कुठवर जातं ते बघू."

मी वाकलो. गुडघ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. तेवढ्यात मामांनी माझ्या एमआरआयची फिल्म पिशवीतून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "हा तर पोत्याचा फोटो झाला. आतला माल कुठं दिसायलाय ह्याच्यात?" उजव्या एका हातात ती लांबलचक फिल्म सारखी लवत होती.

"दोन्ही हातांनी धरा की, अप्पा," बाई म्हणाली. बोलण्यात उदगीरकडची कानडी लकब होती.

"चालतंय."

"डावा का लावत नाही?"

मामांनी दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. डॉक्टर आले नव्हते. नाव लिहिणाऱ्या बाईपासून काय लपवायचं?

"न्हाई उठत," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तीन महिने. आणि वर आठ दिस."

मी वाकलेलाच होतो, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. तीस वर्षांत त्यांनी दुखण्याची खरी तारीख कुणालाही सांगितली नव्हती.

"हात उठत नाही म्हणून कोणतं काम अडलंय, अप्पा?"

हा प्रश्न मला दोन्ही डॉक्टरांनी विचारला नव्हता. त्यांनी कुठं दुखतं ते विचारलं होतं. मामांनी लोटलेल्या दाराकडे परत एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पूजा."

आणि सगळं सांगितलं. हात छातीच्या वर जात नाही. देवघरात शेंगतेलाचा पाच किलोचा रिकामा डबा आहे. त्याच्यावर कोपर टेकवलं की तळहात कसाबसा डोळ्यांसमोर येतो. कुणी बघू नये म्हणून दार लावून घेतात.

"श्रावणात नात शेजारी बसायची हाय," ते म्हणाले. "माझं बघून धरायची हाय तिनं. ती काय शिकंल? डबा?"

मी तसाच वाकून जमिनीकडे बघत होतो. वर यायचं भान राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर कंबरही सुटत नव्हती.

"लेकी, हे लिहू नको," मामा म्हणाले. "डॉक्टरला कळाय नको."

तिने पेन खाली ठेवलं. "नाही लिहिलं."

मग तिने त्यांना बाकड्यावर बसवलं. हात पुढे, बाजूला, पाठीमागे, जाईल तेवढा नेऊन बघितला. एका जागी मामा कानडीत "साकू, साकू!" असं ओरडले. ती हसून म्हणाली, "पुरे, तर पुरे." मग म्हणाली, "आता रिकामाच तळहात धरून दाखवा. डब्याशिवाय." मामांनी धरला. तिने त्यांच्या डोळ्यांपासून खाली तळहातापर्यंत आपली बोटं आडवी लावत मोजलं. अकरा बोटं.

"तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं?"

"हाव."

तिने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती मामांच्या हातात दिली. मामा वाट बघत बसले. ती पण बसली.

"आता डॉक्टर कधी यायचेत?" मामांनी विचारलं.

"खांद्याचं तपासून झालं, अप्पा."

"तपासलं कुणी?"

"मी."

मामांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. भर मोंढ्यात कुणी अंगावरचं धोतर ओढावं तसा झाला होता. ते उठले आणि दारात मला म्हणाले, "जावईबापू, माझं पोतं उघडून घेतलं हिनं." आणि तडक दोन नंबरमध्ये शिरले. मी एका हाताने कंबर आणि दुसऱ्या हाताने फिल्म धरून मागे.

"बोला अप्पा," म्हातारे डॉक्टर म्हणाले.

"ताप हाय थोडा," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी थर्मामीटर लावलं. ताप नव्हता. त्यांनी मामांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी चिठ्ठी दोन बोटांनी काढली आणि वाचली. "साखर तपासा म्हणतेय. तपासू." बोट टोचलं. साखर भरपूर निघाली. डॉक्टर चष्मा काढून हसायला लागले. "तीस वर्षं तुम्ही माझी परीक्षा घेताय. ही साखर मला कधी सापडू दिली नाही. तिला दहा मिनिटांत सापडली. काय सांगितलं असं तिला?"

"काही न्हाई," मामा म्हणाले.

"बरं, नका सांगू. साखरेचं मी बघतो. खांद्याचं तीच बघेल, माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं त्यातलं."

मामांनी रिक्षा थेट गंजगोलाईच्या चौकाकडे घ्यायला लावली. घर तर दवाखान्याच्याच गल्लीत होतं. रिक्षा त्यांनी नुसती विचार करायला केली होती. गोलाईला एक फेरी झाल्यावर म्हणाले, "मासला तिनं बघितला. खांदा स्वतःकडं ठेवला, साखर डॉक्टरकडं लावली. ज्याचा माल त्याला." मग माझ्या मांडीवर थाप मारली. "जावईबापू, ही मिल न्हाई हो. ही आडत हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला न घेता दवाखान्यात गेले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "श्रावणापर्यंत डोळ्याला हात लागंल का?"

"खोटं नाही सांगत, अप्पा," ती म्हणाली. "डोळ्यापर्यंत बहुतेक नाही. हा आखडलेला खांदा सावकाश सुटतो, वर्षसुद्धा लागतं. पण रोज केलंत तर डबा सुटेल."

"डबा आजच फेकू का?"

"नको. राहू द्या. हात वर गेला की डबा आपोआप खाली राहील."

मग सुरू झालं. वाकून उभं राहायचं आणि अर्धा किलोची पिशवी धरलेला हात लोंबता ठेवून झुलवायचा. पिशवीत काय भरायचं हे तिने सांगितलं नव्हतं. मामांनी निवडलेली तूर भरली, हलक्या मालाने खांदा सुधारत नाही म्हणून. देवघराच्या चौकटीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि पोचेल तिथे खडूने खूण करायची. त्यासाठी देवघराचं दार उघडं ठेवावं लागायचं, हे तिने मुद्दाम केलं की कसं, मला माहीत नाही. मी नांदेडला परतलो. नंतर तिने मलाही दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. तो तिथे फार छान दिसायचा. संध्याकाळी फोन वाजायचा आणि मामांचा आवाज यायचा, "दहा." काही दिवसांनी, "साडेआठ." मग मला विचारायचे, "तुमचं कुठवर आलं?" मी म्हणायचो, "गुडघ्याच्या खाली सरकतंय." तो कागद खरोखरच खाली सरकत होता, चुंबक जुनं होतं.

सातवर आले आणि आठ दिवस फोनच नाही. मामींना विचारलं, तर मुरुडहून कुणी पाहुणा आला होता. त्याने एका हात ओढून देणाऱ्याचं नाव सुचवलं. "एका झटक्यात मोकळा करतो." श्रावण जवळ आला होता, मामांचा धीर सुटला. ते गेले, त्याने ओढला. रात्रभर कण्हत होते, आणि सकाळी बोटं परत दहावर. मला वाटलं, आता हे दवाखान्यात जाऊन 'झोपेत अवघडला' असं काहीतरी सांगणार. पण नंतर त्या बाईनेच मला सांगितलं, ते आले, बाकड्यावर बसले आणि न विचारता म्हणाले, "काल एकाकडून ओढून घेतला. चूक झाली. आता शिव्या दे आणि पुढं काय ते सांग." तिने शिव्या दिल्या नाहीत. चार दिवस शेक आणि आराम, मग पुन्हा तुरीची पिशवी.

मी एकदा विचारलं, "मामा, तिला बरं खरं सांगता तुम्ही."

"पहिल्याच दिवशी सांगून बसलो ना. आता लपवायला उरलंय काय?"

पुढे खांदा मोकळा झाला, पण त्यांचा पाय काही दवाखान्यातून निघेना. आडत मुलाकडे सोपवलेलीच होती. शेवटची तीन-चार वर्षं सकाळचे दोन तास ते त्या बाकावर असायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ताप आलाय म्हणणाऱ्याच्या कपाळाला हात लावायचे. "थंड हाय की. गुडघा का कंबर?" माणूस ओशाळला की पुढचं सुरू. "आत काही लपवू नको. पोतं उघड आणि मोकळा हो."

"अप्पा, पण ती डॉक्टर कुठं हाय? आधी डॉक्टरनं बघायला पाहिजे."

"तिनं बघितलंय की मला. आणि मी बघितलंय तिला. जा."

एकदा मुरुडची एक म्हातारी सुईसाठी अडून बसली होती. मामा म्हणाले, "सुई टोचून घ्यायचीच असंल तर आमच्या ह्यांच्याकडं चला, त्या रोज टोचतात." म्हातारी हसली आणि एक नंबरला गेली. एकदा एकाचा खांदा बघता बघता बाईने त्याला दोन मिनिटांत उठवून दोन नंबरला नेलं. ते दुखणं खांद्याचं नव्हतं, छातीचं होतं. तो माणूस वेळेवर पुढे पोचला आणि वाचला. त्या दिवशी मामांनी मला खास फोन केला. "बघितलं? मासला बघणारा डोळा पाहिजे."

थेट जायला लोक बिचकत होते, मामांमार्फत गेले. पाटीने जे झालं नाही ते बाकावर झालं. दोन वर्षांपूर्वी, एक्याऐंशीव्या वर्षी, मामा गेले. बाकावरची त्यांची जागा अजून कुणी पटकन घेत नाही, जरा सरकून बसतात.

पण मला सांगायची आहे ती श्रावणातली सकाळ.

आदल्या दिवशी दीक्षा झाली होती. घरात पाहुणे. मुलगी न्हाऊन, कपाळाला भस्म लावून देवघरात पाटावर बसली. मामा शेजारच्या पाटावर. दार सताड उघडं. मी, बायको आणि मामी उंबऱ्याशी. चौकटीवर खडूच्या खुणा खालून वर चढत गेलेल्या, मधेच एक मुरुडच्या झटक्याची खाली घसरलेली. आणि पाटाच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी, तेलाचा डबा.

मामांनी डब्याकडे पाहिलं. रोज फोनवर येणारा आकडा काल त्यांनी माझ्या कानात सांगितला होता, अजून चार बोटं कमी होती. आणि मोजण्यापुरता हात उचलणं वेगळं, पूजा होईपर्यंत तो तसाच धरणं वेगळं. एवढे पाहुणे, एवढी गल्ली. डबा तर तिथेच होता. कोपर टेकवलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं.

त्यांनी मान वर केली. मी पुढे झालो. मला वाटलं, आता मला म्हणतील, ह्यांना म्हणावं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"अहो," ते थेट मामींना म्हणाले, "हा डबा घेऊन जा."

मामी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, निरोप यायचा राहिलाय अशा. मग पुढे झाल्या, डबा उचलला आणि पदराने पुसत म्हणाल्या, "बरं. सांडगे भरते ह्यात." त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझी नोकरी त्या सकाळी गेली.

पूजा सुरू झाली. भस्म, बेलपान. मामांनी तळहात उचलला. छातीच्या वर गेला, गळ्याशी आला, हनुवटीशी थांबला. कोपराखाली काही नव्हतं. नुसती हवा. तरी हात खाली येत नव्हता. मुलीने आपला तळहात सरळ डोळ्यांसमोर धरला होता. सगळ्यांना बघून तिला तेवढं माहीत होतं. मग तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं आणि आपला हात हळूच खाली आणला. हनुवटीशी. मामांच्या हाताच्या रेषेत.

दोघंही तसेच बसून राहिले. मी मोजत होतो. मास्तर माणूस, दुसरं काय करणार. शंभरानंतर मोजणं सोडून दिलं.

पूजा संपली. मामांनी इष्टलिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं, उजव्या हाताने डावा खांदा जरा दाबला, आणि नातीकडे वळले.

"एवढा खाली का धरलास गं?"

"तुमचा तिथं होता, अज्जा. बघूनच धरायचा ना?"

मामांनी तिच्या हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत आपली चार बोटं आडवी लावून बघितली. बरोबर मावली.

"बघूनच धर," ते म्हणाले. "उद्या एक बोट वर."